मेडिकलच्या काउंटरवर हृदयाची तपासणी: सोलापुरात जमेल का, आणि कशी करावी?

मेडिकलवाला_पूर्वभाग:
नमस्कार मंडळी. पूर्व भागात आमचं मेडिकल आहे, वडिलांनी सुरू केलेलं. गिऱ्हाईक सगळं ओळखीचं: यंत्रमागावरचे कामगार, विड्या वळणाऱ्या बायका, टॉवेलच्या कारखान्यातले शिलाईवाले, रिक्षावाले. घरात तेलुगू, दुकानात मराठी.

दुकानात एक खुर्ची, दंडाला बांधायचं बीपीचं मशीन, वजनकाटा आणि मोजपट्टी ठेवावी आणि चाळिशीपुढच्या माणसाला हृदयविकाराचा धोका किती आहे ते सांगावं, असं बरेच दिवस मनात आहे. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, बाकीच्या जगात ५९ च्या आसपास, हे ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासातून कधीच पुढं आलंय. म्हणजे ज्याच्या हातावर घर चालतं तोच माणूस आडवा होतो. हा माणूस बीपी मोजायला म्हणून दवाखान्याची पायरी चढत नाही. माझ्याकडं मात्र येतो. डोकं दुखतंय, कंबर धरलीय, पोराला खोकला झालाय, निमित्त काहीही असो, येतोच.

दुसरं कारण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. काउंटरवरून जे दिसतं ते डॉक्टरांनाही दिसत नाही. पगार झाला की बीपीच्या गोळ्यांची अख्खी पट्टी जाते. महिनाअखेरीला तेच गिऱ्हाईक पाच गोळ्या कापून मागतं. मग कधीतरी गोळी घेणंच थांबतं, बाकीची औषधं न्यायला माणूस येत राहतो. विचारलं तर म्हणतो, "आता बरं वाटतंय की, सोडली." डॉक्टरांच्या कागदावर त्याचं औषध अजून चालूच असतं.

तर काय मोजावं, काय मोजू नये आणि आकडा जास्त आला तर पुढं काय करावं, यावर सांगा. त्या शेवटच्या प्रश्नाशी माझं घोडं अडलंय.

भुईकोट:
स्पष्ट लिहितो, राग मानू नका. माझ्या वडिलांनी एका मेडिकलवर 'मोफत बीपी तपासणी' असा बोर्ड बघून बीपी मोजून घेतलं. १५६/९४ आलं. दुकानदारानं तिथल्या तिथं एक पट्टी काढून हातात दिली, "सकाळी एक घेत चला." ना डॉक्टर, ना चिठ्ठी. काही आठवड्यांनी दोन्ही पाय घोट्यापाशी सुजायला लागले. आम्हाला वाटलं किडनी गेली. तपासण्यांवर पैसा गेला, घरातल्यांची झोप गेली. शेवटी डॉक्टरांनी ती पट्टी बघितली आणि सांगितलं की अ‍ॅम्लोडिपिननं काही लोकांना अशी सूज येते, गोळी बदलली की उतरते. तशी ती उतरली.

मोजणारा आणि विकणारा एकच असला की हे होणार. त्यात मशीन एखाद्या औषध कंपनीच्या एमआरनं, म्हणजे विक्री प्रतिनिधीनं, दिलेलं असलं, तर कुणाची पट्टी हातात पडेल ते सांगायला नको. तुमचा हेतू चांगला आहे, मान्य. पण उद्या दहा दुकानं तुमचं बघून सुरू करतील, त्यांचं काय?

शेंगाचटणी:
भुईकोट यांना अनुमोदन. पण म्हणून मोजूच नये असं नाही. वाचतोय.

फिजिशियन_सातरस्ता:
भुईकोट यांच्या वडिलांच्या बाबतीत झालं ते चुकीचं आणि बेकायदाही. बीपीच्या गोळ्या शेड्यूल एचमधल्या आहेत, चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. आणि एकदा मोजलेल्या आकड्यावर बीपीचं निदान होतच नाही. वेगवेगळ्या दिवशी दोन-तीनदा मोजून वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० याच्यावर राहत असेल, तर बीपी आहे असं आम्ही धरतो.

तरीही मी या कल्पनेच्या बाजूनं आहे. माझ्याकडं अर्धांगवायू होऊन आलेल्या माणसाच्या नातेवाइकांना विचारतो, "बीपी होतं का?" उत्तर ठरलेलं, "कधी तपासलंच नाही, त्रासच नव्हता." बीपीला त्रास नसतो, तीच तर अडचण आहे.

आता मोजण्याविषयी, कारण बहुतेक ठिकाणी घोळ इथंच होतो. एप्रिलमधल्या दुपारी माणूस सायकल मारत येतो, घाम पुसत खुर्चीवर टेकतो, तोंडात मावा, नुकताच चहा झालेला. शर्टाच्या बाहीवरनंच पट्टा आवळतात, हात लोंबकळत असतो आणि वर गप्पा चालू. असा आकडा फेकून द्यायच्या लायकीचा. पाच मिनिटं शांत बसवा. अर्धा तास आधीपर्यंत चहा, विडी, तंबाखू, मिश्री काही नको. लघवीला जाऊन यायला सांगा. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नको. दंड उघडा आणि पट्टा छातीच्या पातळीला राहील असा हात टेबलावर. मोजताना कुणी बोलायचं नाही, तुम्हीसुद्धा नाही. एक-दोन मिनिटांनी परत मोजा. पट्टा दोन मापांचा ठेवा, जाड दंडाला लहान पट्टा लावला की बीपी उगाच जास्त येतं. मनगटावरची मशीन घेऊ नका. पहिल्यांदा दोन्ही दंडांवर मोजा आणि जिथं जास्त येईल तो दंड पुढं कायम धरा.

१८०/१२० च्या वर आलं तर थोडं थांबून परत मोजा. तेवढंच राहिलं आणि सोबत छातीत दुखणं, दम, बोलताना अडखळणं, एका बाजूला अशक्तपणा यातलं काहीही असेल, तर लगेच १०८. त्रास काही नसेल तरी त्याच दिवशी डॉक्टर, उद्यावर ढकलायचं नाही.

लेस्टरची_सोलापूरकर:
माहेर सोलापूर, आता इंग्लंडमध्ये. इथं हे सरकारी पातळीवर चालतं म्हणून लिहिते. ४० च्या पुढच्या, बीपीचं निदान न झालेल्या माणसाला औषधाच्या दुकानात फुकट बीपी मोजून मिळतं, ऑक्टोबर २०२१ पासून. जास्त आलं तर गोळी देत नाहीत. २४ तास अंगावर राहणारं मशीन लावायला सांगतात, झोपेतसुद्धा ते मधूनमधून मोजत राहतं. निकाल तुमच्या ठरलेल्या डॉक्टरकडं जातो. फार्मासिस्टला पैसे सरकारकडून मिळतात आणि ते मोजण्याचे मिळतात. गोळी खपली काय, न खपली काय, त्यात फरक पडत नाही. भुईकोट यांच्या शंकेचं एक उत्तर मला यात दिसतं.

आपल्याकडं ठरलेला डॉक्टर नसतो, ही खरी अडचण. इथली चिठ्ठी कुठं जायची ते ठरलेलं आहे. तिथं ती शर्टाच्या खिशात राहून धुण्यात जाईल.

यंत्रमाग:
मी मागावर आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसी. पाळी सुटायला रात्रीचे आठ वाजतंय. तोवर सरकारी दवाखाना कवाच बंद झालेला असतंय. मेडिकल तेवढं उघडं दिसतंय. एक दिवस खाडा केला तर त्या दिवसाची मजुरी गेली, मग बीपी बघायला कोण जातंय. तुम्ही रात्री मोजणार असाल तर आमच्या खात्यातले पंधरा-वीस जण मी स्वतः घेऊन येतो.

पण एक सांगा. चारचौघांत आकडा मोठ्यानं सांगू नका. मालकाच्या कानावर गेलं की हा आता किती दिवस टिकणार असं बघायलेत लोक. आमच्यातल्या एकाला चक्कर आली तर दुसऱ्या दिवशी त्याचे माग दुसऱ्याला दिले. आणि पैसे घेणार का तेबी आधीच सांगा.

मेडिकलवाला_पूर्वभाग:
@यंत्रमाग, पैसे घेणार नाही. आकडा कागदावर लिहून हातात देईन, तोंडानं बोलणार नाही. खुर्ची रांगेपासून लांब, फ्रीजच्या मागं ठेवता येईल. बायकांना दंड उघडा करायला संकोच वाटतो, म्हणून तिथं पडदाही लावावा लागेल.

@भुईकोट, मशीन स्वतःच्या पैशानं घेणार, कंपनीचं नाही. आणि ज्या दिवशी बीपी मोजलं त्या दिवशी त्या माणसाला त्या आकड्यावरून कोणतंही औषध विकायचं नाही, हा नियम भिंतीवर लिहून लावतो. गिऱ्हाइकानंच मला टोकलं पाहिजे.

@डॉक्टर, बोटातून रक्त घेऊन साखर बघू का? ग्लुकोमीटर आहे माझ्याकडं.

फिजिशियन_सातरस्ता:
साखर सुरुवातीला नको. वापरलेल्या सुया कुठं टाकणार, प्रत्येकाला नवी सुई लागणार, हातमोजे लागणार, हे सगळं आलं. शिवाय ग्लुकोमीटरच्या बहुतेक पट्ट्या ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात. आपल्याकडं मार्चपासूनच पारा चाळिशीला टेकतो, एसी नसलेल्या दुकानात डबी दिवसभर त्या उकाड्यातच राहते. त्या पट्टीवरचा आकडा खरा धरायचा कसा? संशय असेल त्याला उपाशीपोटीच्या साखरेसाठी लॅबमध्ये पाठवा. १२६ किंवा त्याहून जास्त आली तर मधुमेह धरतात, तीही परत तपासून खात्री केल्यावर. १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर.

कमरेची मोजपट्टी मात्र जरूर वापरा. पँट बांधतात तिथं मोजू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. आपल्याकडच्या पुरुषाला ९० सेंटिमीटर आणि बाईला ८० ही मर्यादा. हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेलं, अशी माणसं आपल्याकडं खूप. काट्यावर त्यांचं वजन ठीक दिसतं, धोका मोजपट्टीवर दिसतो.

कुंभारीची_लेक:
माझी आई कुंभारीच्या गोदूताई वसाहतीत राहते, लहानपणापासून विड्या वळते. तिचं सांगते, कारण वर सगळं पुरुषांचंच चाललंय.

सकाळी एकदा सूप मांडीवर घेतलं की उठणं नाही. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा, हजार भरेपर्यंत मान वर नाही. मिश्री पहाटेपासून. कंबरदुखीच्या गोळ्या डब्यातच असतात, दिवसाला एक ठरलेली, जास्त दुखलं तर दोन. डॉक्टरकडं चल म्हटलं की "मला काय धाड भरलीय?"

तिला बीपी आहे हे गुडघ्यासाठी नेलं तेव्हा कळलं. गोळी सुरू झाली आणि तिनं आठवड्यात बंद केली. का, ते मला कितीतरी दिवसांनी सांगितलं. त्या गोळीनं लघवीला सारखं जावं लागायचं. उठलं की विड्या कमी पडतात, कमी पडल्या की मजुरी कमी. कारखान्यात मोजून देताना शंभरभर कमी भरायला लागल्यावर तिनं आपला हिशेब केला आणि गोळी सोडली. डॉक्टरांनी तिला विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

माझं म्हणणं एवढंच, की काउंटरवर कुणी विचारलं असतं "अक्का, गोळी का थांबवली?" तर तिनं सांगितलं असतं. मेडिकलवाल्या अण्णांशी ती मोकळेपणानं बोलते. डॉक्टरांसमोर बोलत नाही.

मेडिकलवाला_पूर्वभाग:
ताई, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. गोळीची वेळ किंवा गोळीच बदलता येते का, ते डॉक्टरच ठरवतील. पण 'लघवीला त्रास होतो म्हणून सोडली' एवढं एक वाक्य चिठ्ठीवर लिहून पाठवणं माझ्या हातात आहे.

कंबरदुखीच्या गोळ्यांचं बोलायला हवं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या रोज घेतल्या तर बीपी चढतं, बीपीच्या गोळीचा असर कमी होतो आणि हृदयाला, किडनीलाही धोका वाढतो. सर्दीच्या काही गोळ्यांत नाक मोकळं करणारं औषध असतं, त्यानंही बीपी वाढतं. पाण्यात फसफसणाऱ्या पावडरी आणि गोळ्यांत सोडियम भरपूर. हे सगळं माझ्याच काउंटरवरून जातं. तेव्हा तपासणीची सुरुवात मशीनपासून न करता 'घरात अजून कोणत्या गोळ्या चालू आहेत?' इथून करावी, असं आता वाटायला लागलंय.

फिजिशियन_सातरस्ता:
अगदी बरोबर. मिश्रीबद्दलही एक गोष्ट लक्षात घ्या. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये हृदयधोक्याचे सुधारित तक्ते काढले, दक्षिण आशियासाठी वेगळा आहे. रक्त न तपासता वापरायच्या तक्त्यात वय, बाई की पुरुष, धूम्रपान, वरचं बीपी आणि उंचीच्या मानानं वजन एवढं बघतात. हिरव्यापासून गडद लालपर्यंत रंग, येत्या १० वर्षांत झटका किंवा अर्धांगवायू येण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या आत ते ३० टक्क्यांच्या वर. सोयीचा आहे, वापरा. पण त्यात मिश्री, मावा, गुटखा मोजलाच जात नाही. कुंभारीच्या या माउली त्या तक्त्यात 'धूम्रपान न करणारी' म्हणून बसतील. इंटरहार्टमध्ये नुसती तंबाखू चघळणाऱ्यांतही झटक्याचा धोका दुपटीच्या आसपास दिसला होता. म्हणून रंग हिरवा आला तरी मिश्री लावणाऱ्या बाईला 'काळजी नाही' असं सांगून पाठवू नका.

तक्ता ४० ते ७४ वयासाठी आहे. ३५ वर्षांचा, वडील लवकर गेलेले, रोज विड्या ओढणारा, असा माणूस आला तर तक्ता बाजूला ठेवा आणि सरळ डॉक्टरकडं पाठवा. आधी झटका येऊन गेलेल्यालाही तक्ता लावायचा नसतो, तो जास्त धोक्यातच धरायचा.

आशा_कार्यकर्ती:
डॉक्टर साहेब, आम्ही घरोघरी भरतो त्या सरकारी फॉर्ममध्ये तंबाखू मोजतात. ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा फॉर्म भरायचा असतो. वय, बिडी-सिगारेट किंवा गुटखा-खैनी, दारू, कंबर, व्यायाम आणि घरात कुणाला बीपी, साखर, हृदयाचा आजार आहे का, याचे गुण. बेरीज ४ च्या वर गेली की त्या माणसाला तपासणीला आधी पाठवायचं. दादांनी हाच फॉर्म वापरला तर आमच्या आणि त्यांच्या कागदात फरक राहणार नाही.

आमची अडचण अशी की दिवसा दारावर गेलं की बायका भेटतात, पुरुष मागावर. संध्याकाळी त्यांच्या घरी जाणं जमत नाही, आम्हालाही घर आहे. कितीतरी पुरुषांचे फॉर्म बायकोच्या सांगण्यावरून भरले जातात, कंबर तर मोजलीच जात नाही. ते पुरुष मेडिकलवर रात्री भेटणार असतील तर आम्हाला हवंच आहे.

शेंगाचटणी:
मीठ कुणीच काढलं नाही म्हणून लिहितो. दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत मीठ म्हणतात, म्हणजे सगळं मिळून जेमतेम एक चहाचा चमचा. आपल्याकडं भाकरीच्या पिठात, शेंगाचटणीत, लोणच्यात, वर ताकात मीठ. कामगाराच्या डब्यात भाजी कमी आणि चटणी जास्त, कारण ती टिकते आणि स्वस्त पडते. चटणी सोडा म्हणून कुणी ऐकणार नाही. घरी करताना मीठ निम्मं घाला, हे मात्र ऐकतात, आमच्या घरी ऐकलं.

भुईकोट:
माझा विरोध आता बराच कमी झालाय. राहिलेला प्रश्न: छातीत दुखतंय म्हणून माणूस दुकानात आला तर? तो बीपी मोजायला खुर्चीवर बसायचा आणि तिथंच वेळ जायचा.

मेडिकलवाला_पूर्वभाग:
असे येतात. एक रिक्षावाले रात्री आले होते. कपाळावर दरदरून घाम, तळवा छातीवरनं जबड्याकडं चोळत होते. "अण्णा, ग्यासची गोळी दे, जेवण वर आलंय." रिक्षा चालूच ठेवून उतरले होते. गोळी दिली नाही, रिक्षा बंद करायला लावली, बाकड्यावर बसवलं आणि १०८ ला फोन केला. झटकाच होता. आज बरे आहेत, रिक्षा मुलगा चालवतो.

म्हणून माझ्याकडच्या पोरांना सांगून ठेवलंय: छातीत जळजळ आणि सोबत घाम, दम किंवा हाताकडं-जबड्याकडं जाणारी कळ असेल तर ग्यासची गोळी द्यायची नाही.

फिजिशियन_सातरस्ता:
उत्तम केलंत. भुईकोट, अशा माणसाचं बीपी मोजत बसायचंच नाही. ईसीजी लवकर निघणं महत्त्वाचं. बसवायचं, चालू द्यायचं नाही, स्वतः गाडी चालवत तर मुळीच जाऊ द्यायचं नाही. अ‍ॅस्पिरिन द्यायची का ते १०८ च्या डॉक्टरांना फोनवर विचारा, रक्तस्रावाचा किंवा अ‍ॅलर्जीचा त्रास असलेल्याला ती चालत नाही. आणि बायका आल्या तर जास्त सावध राहा. त्यांची तक्रार पुष्कळदा नुसता दम, मळमळ, पाठीत कळ, अचानक गळून जाणं एवढीच असते. मधुमेह असलेल्यांचंही तसंच.

मेडिकलवाला_पूर्वभाग:
सगळ्यांचं वाचून ठरवलं ते लिहितो. मशीन आणि दोन मापांचे पट्टे मागवलेत. रात्री आठ ते दहा हीच वेळ, कारण पुरुष तेव्हाच येतात. बायकांसाठी दुपारी तीन ते चार. साखर नाही, कोलेस्टेरॉल नाही. बीपी, कंबर, वजन आणि आशाताईंचा फॉर्म.

त्याआधी एक काम करतोय. बीपीची गोळी नेणारी आणि न्यायची थांबलेली जी गिऱ्हाइकं मला ठाऊक आहेत, त्यांच्याकडं आधी चौकशी. नवा रोगी शोधायच्या आधी सुटलेले धरायचे. गोळी महाग पडते म्हणून सोडली असेल तर जनऔषधी केंद्राचा रस्ता दाखवणार, माझं गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

चिठ्ठी मराठीत आणि तेलुगूत छापतोय. दोन वेळचे आकडे, तारीख, चालू गोळ्या, सोडली असेल तर का सोडली आणि डॉक्टरांनी काय केलं ते लिहायला खाली रिकामी ओळ. ती चिठ्ठी परत माझ्याकडं आली पाहिजे. पंधरा दिवसांत आली नाही तर फोन करणार.

यंत्रमाग:
मग शनिवारी रात्री येतो पोरं घेऊन. मावा अर्धा तास आधी थुंकायला सांगतो सगळ्यांना.

आशा_कार्यकर्ती:
दादा, चिठ्ठीवर नुसता फोन नंबर घेऊ नका. आमच्याकडं नंबर सारखे बदलतात, एक फोन तिघांत असतो. वस्ती, गल्ली आणि जवळची खूण लिहून घ्या, मारुतीच्या देवळामागं, पिठाच्या गिरणीशेजारी अशी. ज्यांच्या चिठ्ठ्या परत येणार नाहीत त्यांची नावं मला दर सोमवारी द्या, पण त्यांना आधी विचारून. त्या गल्लीत मी तशीही फिरत असते, दारावर जाऊन बघते.